अ‍ॅग्नेसताईंचा पहिला शिक्का

अ‍ॅग्नेसताईंनी आमची बेल आयुष्यात कधी वाजवली नाही. न्युरेम्बर्गमधल्या आमच्या इमारतीत त्या दुसऱ्या मजल्यावर, आम्ही तिसऱ्या. काही काम निघालं की त्या जिना चढून यायच्या, आमच्या दाराच्या तीन पायऱ्या अलीकडे थांबायच्या आणि खोकायच्या. एकदाच. मग कठड्यावर हात ठेवून स्वस्थ उभ्या. आतून कुणी आलं तर ठीक, नाही आलं तर पाच-सात मिनिटांनी पुन्हा एक खोकला.

आम्ही नवीन राहायला आलो त्या आठवड्यात मी हा खोकला पहिल्यांदा ऐकला. दार उघडलं तर समोर सत्तरीच्या, उंच, रुंद खांद्यांच्या, पांढरी जाड वेणी पुढे घेतलेल्या बाई. मी म्हटलं, "एक मिनिट हं," आत गेलो, ज्येष्ठमधाच्या गोळ्यांची डबी आणून त्यांच्या हातात ठेवली आणि दार लावून घेतलं. शेजारधर्म! दुसऱ्या दिवशी पुन्हा खोकला. या वेळी मी त्यांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा नंबर लिहून दिला, शिवाय अपॉइंटमेंट लवकर मिळण्याची युक्तीही सांगितली. तिसऱ्या दिवशी सुदैवाने माझी बायको केतकी घरी होती. तिने मला बाजूला सारलं, "आत या ना," म्हणाली आणि पाणी आणून दिलं. बाई पाणी प्यायल्या, माझी डबी टेबलावर परत ठेवली आणि मग शांतपणे म्हणाल्या, की त्या तीन दिवस एवढंच सांगायला येतायत, की तळघरात मी माझ्या सायकलबरोबर त्यांचीही सायकल कुलूपबंद करून ठेवली आहे.

अ‍ॅग्नेसताई मोहॉक, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी. उत्तर अमेरिकेत सेंट लॉरेन्स नदीकाठी त्यांचं गाव. होर्स्ट नावाच्या जर्मन क्रेन-मेकॅनिकशी लग्न करून चाळीस वर्षांपूर्वी त्या इकडे आल्या, तीस वर्षं ट्राम चालवली, होर्स्ट गेल्यावरही इथेच राहिल्या. त्यांच्या लोकांत जुनी रीत अशी, की दुसऱ्याच्या गावी गेलात तर थेट आत घुसायचं नाही. रानाच्या कडेला थांबून छोटी शेकोटी पेटवायची. धूर दिसला की गावकरी येतात. पाहुण्याचे डोळे पुसतात, कारण वाटेत धूळ गेलेली असते, कदाचित रडणंही झालेलं असतं. कान साफ करतात, घशाला पाणी देतात. आणि मग विचारतात, कोण तुम्ही, काय काम काढलंत.

"म्हणजे ग्रेन्झकोंट्रोले आमच्याकडेही होता, हेर इंजिनिअर," त्या मला म्हणायच्या. हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत. सीमेवरच्या तपासणीला त्या मुद्दाम हा भारदस्त जर्मन शब्द वापरत. "फक्त आमच्याकडे क्रम बरोबर होता. आधी पाणी, मग प्रश्न."

जिन्यात शेकोटी पेटवायला इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर परवानगी देत नाही, म्हणून खोकला.

'आधी पाणी, मग प्रश्न' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. आमची इरा आठ वर्षांची. एकदा स्कूटरवरून पडून रडत घरी आली. मी लगेच सुरू झालो, "कुठे पडलीस? कशी पडलीस? हेल्मेट कुठाय? तुला सांगितलं होतं ना?" पायऱ्यांवर खोकून उभ्या असलेल्या अ‍ॅग्नेसताईंनी त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं न बोलावता घरात पाऊल टाकलं. खुर्ची उचलून ठेवावी तसं मला बाजूला केलं, इराचे डोळे पुसले, पाणी पाजलं. इरा मराठी सगळं समजते पण उत्तर जर्मनमध्येच देते. तिने ताईंना सगळी हकीकत सांगितली. मला अजूनही ठाऊक नाही ती कुठे पडली.

त्यांच्या गावाची गोष्ट त्या अशी सांगत, की हसावं की गप्प बसावं कळू नये. गाव एक, देश दोन. मधून कॅनडा आणि अमेरिकेची सीमा गेलेली. गावाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला, तेही आपल्याच देशातल्या टोकाला जायचं, तर वाटेत दुसरा देश लागतो. मावशीकडे गेलेला माणूस परदेशवारी करून येतो. "रेघ मारायला माणूस आला ना, तेव्हा माझ्या पणजीच्या पणजीने त्याला जेवायला घातलं," त्या म्हणायच्या. "तो जेवला, आभार मानले, आणि जाताना स्वयंपाकघरातूनच रेघ ओढून गेला." त्यानंतर मोठ्या लोकांनी तहात लिहून दिलं, की या लोकांना इकडून तिकडे मोकळेपणी येऊ-जाऊ द्यावं. "लिहिलेलं अजून आहे. एका बाजूला अर्धंमुर्धं आठवतं, दुसऱ्या बाजूला मुळीच आठवत नाही. आम्हाला मात्र पाठ आहे."

मी एकदा सहानुभूतीने म्हणालो, "तुमच्या जमातीवर फार अन्याय झाला हो."

"राष्ट्रावर," त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला. भात आमचाच होता.

राष्ट्र म्हटल्यावर पासपोर्ट आला. मोहॉक धरून सहा राष्ट्रांचा त्यांचा जुना संघ. त्याचा स्वतःचा पासपोर्ट आहे आणि अ‍ॅग्नेसताई फक्त त्याच्यावर प्रवास करायच्या. म्हणजे, करू दिला तर करायच्या. कॅनडाचा पासपोर्ट त्यांना मागितल्या दिवशी मिळाला असता, पण त्या मागत नसत. त्या पुस्तकात एकही शिक्का नव्हता. अधिकारी मोठे हुशार. पुस्तकात शिक्का मारला तर पुस्तक मान्य केल्यासारखं होईल, म्हणून सुट्या कागदावर मारून देत. जर्मनीतल्या त्यांच्या ओळखपत्रावर नागरिकत्वाच्या रकान्यात एकच शब्द होता, 'उनगेक्लेर्ट', म्हणजे 'अस्पष्ट'. ते कार्ड त्या मला कौतुकाने दाखवत. "माझ्या मनात अगदी स्पष्ट आहे. अस्पष्ट त्यांचं त्यांना आहे. पण कार्ड माझ्या नावाने काढलंय."

आता या बाईंसमोर मी काय करावं? त्या दिवसांत मी जर्मन नागरिकत्वासाठी अर्जाची तयारी करत होतो. नागरिकत्वाच्या चाचणीचे प्रश्न रोज सोडवायचो, नव्या पासपोर्टवर कुठकुठे बिनव्हिसा जाता येईल त्याची यादी फ्रिजवर लावली होती. जुनं सिमकार्ड काढून जास्त रेंजचं घालावं तितक्या सहजपणे मी हे करत होतो. तर मी अत्यंत उदार मनाने ती प्रश्नावली छापली, स्पायरल बाइंडिंग करून घेतलं आणि ताईंना भेट दिली. म्हटलं, "तुम्हीही करून टाका. सोप्पं आहे. तुमची कटकट कायमची मिटेल."

त्यांनी पानं चाळली, दोन उत्तरं मी चुकवलेली होती ती दुरुस्त केली, आणि म्हणाल्या, "तू बदल हो, खुशाल बदल. तुझा देश कुठे जात नाही, तो मोठा आहे. माझा मी खाली ठेवला तर उचलून कोण घेणार?"

त्यानंतर आठवडाभर मी फ्रिज उघडताना यादीकडे बघत नव्हतो.

त्यांची थोरली बहीण रिता गावीच राहायची. दोघींची अकरा वर्षांत भेट नव्हती. शेवटच्या खेपेला ताईंना विमानतळावरूनच परत पाठवलं होतं, 'दुसरा पासपोर्ट आणा' म्हणून, आणि त्या तशाच सूटकेस ओढत घरी आल्या होत्या. आता रिताला ऐंशी पूर्ण होणार होती आणि तिने जाहीर केलं होतं, की अ‍ॅग्नेस आल्याशिवाय मक्याचं सूप चुलीवर चढणार नाही. सगळं गाव जेवायला येणार, चूल थंड. मग त्यांच्या भाच्याने आठ महिने पत्रव्यवहार केला आणि तिकडच्या सीमेवरच्या खात्याकडून एक पत्र मिळवलं, की सदर बाईंना, सदर क्रमांकाच्या, त्यांच्या राष्ट्राच्या पासपोर्टवर, या एका प्रवासापुरतं येऊ द्यावं. विमान गुरुवारचं होतं. विमान कंपनीने पासपोर्टच्या प्रत्येक पानाची रंगीत प्रत मागितली होती, आणि इमारतीत स्कॅनर कुणाकडे? हेर इंजिनिअरकडे! शनिवारी ताईंनी पासपोर्ट माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "जपून."

इथे आणखी एका व्यक्तीचा प्रवेश होतो. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आईच म्हणतो, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. आई फक्त मराठी बोलणार, ताई जर्मन नाहीतर इंग्रजी. तरी दोघी रोज दुपारी बाल्कनीत तास तास बोलत बसायच्या. मी एकदा मध्ये दुभाषा म्हणून बसलो तर पाच मिनिटांत आई म्हणाल्या, "अहो प्रसादराव, तुम्ही आत जा बघू. तुमच्यामुळे काही कळत नाहीये."

रविवारी खंडेनवमी होती. आपल्याकडे ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा करायची. आजोबांच्या काळी पट्टी, करवत, कात्री. आमच्याकडे तीन लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि पासपोर्ट. हसू नका, परदेशात पोट पासपोर्टवरच चालतं. पाटावर आमचे चार निळे पासपोर्ट ओळीने मांडताना माझी नजर स्कॅनरवरच्या पाचव्याकडे गेली. मनात आलं, या सगळ्यांत देवाची खरी गरज आहे ती यालाच. ठेवला. नुसता ठेवून थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी तो फोटोच्या पानावर उघडून ठेवला. कुणासाठी केलंय ते देवाला कळायला नको?

आई पूजेला बसल्या. लॅपटॉपला हळद-कुंकू, किल्लीला हळद-कुंकू. पाचव्या पासपोर्टपाशी आल्या, थांबल्या. "या आपल्या आग्नेसताई ना? बाईमाणसाच्या फोटोत कपाळ असं रिकामं बरं नाही दिसत." मी म्हटलं, "आई, त्यांचे मिस्टर वारलेत." आई म्हणाल्या, "माझेही वारलेत. मी लावते की नाही?" आणि पाण्यात बोट बुडवून, कुंकवात टेकवून, बरोब्बर दोन भुवयांच्या मध्ये एक ठसठशीत टिकली लावली. वर झेंडूच्या फुलाने पाणी शिंपडलं.

फोटोवर पातळ प्लास्टिकचा थर होता. त्याची वरची कड सुटलेली होती. ओलं कुंकू त्या फटीतून आत उतरलं आणि जिथे लावलं होतं तिथेच, पण आता प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, कायमचं वस्तीला बसलं.

पुढचा तासभर मी ज्या उपाययोजना केल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. कापसाचा बोळा, चष्म्याचं फडकं, शेवटी हेअर ड्रायर. ड्रायर केतकीने हातातून काढून घेतला. "प्रसाद, आता फक्त ठिपका आहे. तू आणखी दहा मिनिटं दिलीस तर त्या ओळखूच येणार नाहीत."

मी पासपोर्ट घेऊन जिना उतरलो. ताईंच्या दाराच्या तीन पायऱ्या वर थांबलो आणि खोकलो. मनापासून खोकलो. त्यांनी दार उघडलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आत जाऊन पाणी आणलं. मी प्यायलो. मग पान उघडून दाखवलं.

त्यांनी ते पान खिडकीच्या उजेडात धरलं. मला वाटलं, अकरा वर्षं आणि आठ महिने मी एका बोटात बुडवले. बोट तर माझं नव्हतंही. त्यांनी विचारलं, "कोणी लावलं?" मी जन्मात पहिल्यांदा खरं आणि थोडक्यात उत्तर दिलं, "आईंनी. पण उघडून मी ठेवला."

"सरळ लावलंय," त्या म्हणाल्या. "गुरुवारी आईंनाही घेऊन चल."

गुरुवारी मी, आई आणि ताई गाडीने फ्रँकफर्टला निघालो. आईंच्या मांडीवर दह्याचा डबा, प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही घालायचं, तेही विमानतळावर, कारण "घरी घातलं तर वाटेत उतरतं." काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट पाहिला, पत्र पाहिलं, पुन्हा पासपोर्ट पाहिला आणि वरिष्ठांना बोलावलं. चष्मा कपाळावर चढवलेले, बारीक, अतिशय सभ्य गृहस्थ आले. त्यांनी पत्रातला क्रमांक पासपोर्टशी ताडला. बरोबर. फोटोचं पान उघडलं.

"हे काय आहे?"

उत्तर ताईंनी द्यायचं होतं. पण मला राहवेना. मी म्हटलं, या सज्जन माणसाला मुळापासून समजावलं पाहिजे. पांडव अज्ञातवासात गेले इथून मी सुरुवात केली. शमीच्या झाडावर त्यांनी काय लपवलं ते सांगितलं, आणि म्हणून आम्ही दरवर्षी हत्यारांची पूजा करतो, आणि हा पासपोर्ट म्हणजे त्या अर्थाने आमचं हत्यारच आहे, असं जर्मनमध्ये, स्पष्ट उच्चारांत आणि खणखणीत आवाजात सांगितलं. पलीकडे उभे असलेले दोन पोलीस आमच्याकडे वळले.

"हेर इंजिनिअर," ताई म्हणाल्या, "पाणी प्या."

मी बाटली तोंडाला लावली आणि बोलण्यापुरतंही तोंड मोकळं राहणार नाही याची काळजी घेतली. गृहस्थ म्हणाले, "माझ्यापुढे अडचण आहे. फोटोत काहीतरी बदललं आहे. फोटोतल्या बाईंच्या कपाळावर लाल खूण आहे, तुमच्या नाही. तुमच्याकडे दुसरा पासपोर्ट असेल तर प्रश्नच मिटला. कॅनडाचा तुम्हाला चार दिवसांत मिळेल. तिकीट मी पुढे ढकलून देतो."

खरं सांगतो, मला वाटलं, घ्या ना! चार दिवसांचा प्रश्न आहे. सूप थांबेल. मी पाण्याची बाटली खाली करणार, तोच ताईंनी माझ्याकडे न बघता हात वर केला.

"मी बहिणीला भेटायला चाललेय," त्या म्हणाल्या. "तिला मी हवीये. दुसरी कुणीतरी बनून गेले तर ती मला ओळखेल, पण मीच मला ओळखणार नाही. हा नसेल तर मी घरी जाते. रस्ता पाठ आहे."

त्यांनी सूटकेसच्या दांड्यावर हात ठेवला. तीस वर्षं ट्राम चालवलेला हात.

आईंनी मला ढोसलं. "काय म्हणतोय तो?"

"म्हणतोय, फोटोत कुंकू आहे, ताईंना नाही."

"एवढंच ना?" आईंनी पर्समधून चांदीचा छोटा करंडा काढला. "आग्नेसताई, वाका जरा." ताई वाकल्या. विमानतळावरच्या पाच-पंचवीस लोकांसमोर, त्या दोन पोलिसांसमोर, आईंनी त्यांच्या कपाळावर फोटोतल्यासारखीच, तेवढीच, तिथेच टिकली लावली, एक पाऊल मागे जाऊन पाहिली आणि मला म्हणाल्या, "विचारा त्याला, आता जुळतंय का."

मी विचारायची गरज नव्हती. गृहस्थांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. पासपोर्टकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. काउंटरवरची मुलगी टेबलाखाली काहीतरी पडल्याचं निमित्त करून खाली वाकली ती वर येईना.

"माझ्या पासपोर्टवर चाळीस वर्षांत कुणी शिक्का मारला नव्हता," ताई म्हणाल्या. "सगळे सुट्या कागदावर मारतात. हा पहिला आहे. मारणाऱ्या बाईंनी माझ्याकडे कसलंही पत्र मागितलं नाही."

गृहस्थांनी पत्रावरच्या नंबरावर फोन लावला. आम्हाला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "होय, लाल. गोल. कपाळावर... नाही, आधी फक्त फोटोत होता... अगदी बरोबर, आता दोन्हीकडे आहे... नाही हो, मी शुद्धीत आहे." मग बराच वेळ जर्मनमधलं "या, या, या," म्हणजे हो, हो, हो. फोन ठेवला आणि छपाई यंत्रातून बोर्डिंग पास बाहेर आला. तो आवाज मी कुठल्याही बँडपेक्षा गोड मानतो.

आईंनी ताईंच्या हातावर दही घातलं. मग म्हणाल्या, "त्यालाही द्या हो थोडं, केव्हाचा उभा आहे बिचारा." ते नको नको म्हणत होते. आईंचं मराठी त्यांना कळलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. दही खाल्लं त्यांनी.

दोन दिवसांनी फोटो आला. भलामोठा टोप, वाफ, आणि वाफेमागे दोन म्हाताऱ्या एकमेकींना टेकून हसताहेत. दोघींच्या कपाळाला टिकली. आईंनी करंडा कधी त्यांच्या खिशात टाकला, मला पत्ता नाही.

ताई परत आल्या नाहीत. पत्र जाण्यापुरतंच होतं, येण्यासाठी पुन्हा आठ महिने लिहायला हवं. भाचा म्हणतो लिहू, रिता म्हणते, आधी सूप संपू दे. सूप संपायची लक्षणं नाहीत. ताईंनी घर तिकडूनच सोडलं; दुसऱ्या मजल्यावर आता एक तरुण जोडपं आलंय. ते बेल वाजवतात, दोनदा, आणि काम सांगून टाकतात. माझा नागरिकत्वाचा अर्ज ड्रॉवरमध्ये आहे. टाकेनही. फ्रिजवरची यादी मात्र काढली.

त्यांनी फोनवर आम्हाला बोलावलंय. "या. रानाच्या कडेला थांबा आणि खोका." गंमत अशी, की त्यांच्या गावी जायला मला दोन देशांचे दोन व्हिसा लागतात, कारण रिताकडे पोचायचा रस्ता एका देशात आहे आणि रिता दुसऱ्यात. गेल्या महिन्यात मी पहिल्या व्हिसाच्या मुलाखतीला म्युनिकला गेलो. भेटीचं प्रयोजन? मी म्हटलं, "सूप." यजमानांचा पत्ता? मी म्हटलं, "नदीकाठ. धूर दिसेल." आता तुम्हीच सांगा, यात खोटं काय होतं?

घरी आलो तेव्हा पार गळून गेलो होतो. किल्ली खिशात होती, पण का कोण जाणे, तीन पायऱ्या अलीकडेच थांबलो आणि खोकलो. इराने दार उघडलं. माझा अवतार पाहिला, आत गेली आणि पाण्याचा पेला घेऊन आली. मी तो पूर्ण रिकामा करेपर्यंत दारात उभी राहिली. मग पेला हातातून घेत तिच्या त्या जर्मनमध्ये म्हणाली, "आल्झो, बाबा. आता सांग, या वेळी काय घोळ घातलास?"